एक्सेलमधून साध्या मजकुरात: चुकांच्या जन्मतारखा

समजा, तुमच्या हातात एक एक्सेल फाईल आली आहे. गाईडनी दिलेली असेल, सिनिअरकडून आलेली असेल किंवा एखाद्या सरकारी संकेतस्थळावरून उतरवलेली असेल. पुढचं विश्लेषण पायथन किंवा आर मध्ये करायचं आहे, म्हणून तुम्ही टर्मिनल उघडता, एका ओळीची कमांड देता आणि सीएसव्ही फाईल तयार होते. ती उघडून बघता तर तारखेच्या कॉलममध्ये ४०१७९ असा आकडा बसलाय, राज्याच्या कोडमधलं पुढचं शून्य गायब आहे आणि गावांच्या नावांच्या जागी अगम्य चिन्हांची रांग.

आपली पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते: "टूल गंडलंय." बहुतेक वेळा टूल गंडलेलं नसतं. यातल्या प्रत्येक गोष्टीमागे कुणीतरी, कुठल्यातरी वर्षी घेतलेला एक निर्णय असतो, आणि त्या वेळी तो बऱ्यापैकी शहाणपणाचा होता. म्हणून आज कमांडची यादी देण्याऐवजी त्या निर्णयांचा इतिहास सांगतो. चूक कुठल्या काळातली आहे हे कळलं, की ती कुठे शोधायची हेही कळतं. संशोधनात उतरणाऱ्यांना हे लवकर कळलेलं बरं, कारण अशा चुका बहुधा एरर देत नाहीत. गपचूप आलेखापर्यंत पोचतात.

दोन वेगळी घराणी

साधा मजकूर आणि स्प्रेडशीट ही मुळात दोन वेगळी घराणी आहेत.

पहिलं घराणं जुनं. पंचकार्डांच्या काळात कुठला आकडा कितव्या रकान्यात छापायचा हे ठरलेलं असायचं. एक रकाना सरकला की पुढचं सगळं चुकायचं. आकड्यांमध्ये फक्त स्वल्पविराम टाकून काम भागवण्याची सोय आयबीएमच्या एका फोरट्रान कंपायलरमध्ये १९७२ साली होती. म्हणजे सीएसव्हीची कल्पना पर्सनल कॉम्प्युटरपेक्षाही जुनी आहे. त्याच सुमारास बेल लॅब्समध्ये युनिक्स आकार घेत होतं. डग मॅकिलरॉय यांच्या आग्रहामुळे १९७३ मध्ये त्यात पाईप आला: एका प्रोग्रॅमचं आउटपुट थेट दुसऱ्याचं इनपुट. हे जमायचं तर सगळ्यांना एक समान भाषा हवी, आणि ती भाषा ठरली साधा मजकूर. एक ओळ म्हणजे एक नोंद. १९७७ मध्ये आलेलं ऑक याच विचारातून आलं. त्याचं नाव अहो, वाइनबर्गर आणि कर्निगन या तिघांच्या आडनावांच्या आद्याक्षरांवरून पडलं.

दुसरं घराणं १९७९ मध्ये सुरू झालं. डॅन ब्रिकलिन हार्वर्डला बिझनेस शिकत होते. फळ्यावर मांडलेल्या तक्त्यातला एक आकडा बदलला की बाकीचे सगळे पुसून पुन्हा लिहावे लागतात, हा त्यांचा प्रश्न होता. त्यांनी आणि बॉब फ्रँकस्टन यांनी ॲपल टू या संगणकासाठी व्हिजिकॅल्क बनवलं. एक सेल बदला, बाकीचे आपोआप बदलतील.

इथेच आपल्या सगळ्या अडचणींचं मूळ आहे. स्प्रेडशीटच्या एका सेलमध्ये तीन गोष्टी असू शकतात: आत साठवलेली किंमत, ती किंमत काढणारं सूत्र आणि पडद्यावर दिसणारं रूप. साध्या मजकुरात जागा एकालाच आहे. म्हणजे रूपांतर करताना तिघांपैकी एक निवडावी लागते. तुम्ही निवडली नाही, तर टूल तुमच्या वतीने निवडतं.

उदाहरण घ्या. सेलमध्ये ३.१४१५९ आहे, पण दोनच दशांश स्थळं दिसतील असं फॉरमॅटिंग केलंय. एक्सेलमधून "सेव्ह ॲज" करून सीएसव्ही काढली तर ३.१४ मिळतं, कारण तिथे दिसणारं रूप लिहिलं जातं. फाईल थेट वाचणारं पायथनचं एखादं पॅकेज तुम्हाला ३.१४१५९ देईल. दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत. पण तुमच्या लॅबमधल्या दोघांनी दोन मार्गांनी तीच फाईल काढली, तर दोघांची सरासरी जुळणार नाही, आणि दोघंही आपण एकच डेटा वापरतोय असं समजत राहतील.

१९८३: एक जास्तीचा दिवस

आता त्या ४०१७९ कडे वळू. १९८३ मध्ये आयबीएम पीसीसाठी लोटस १-२-३ आलं आणि व्हिजिकॅल्क मागे पडलं. लोटसमध्ये तारीख म्हणजे दिवसांची मोजणी. १ जानेवारी १९०० हा दिवस क्रमांक १, आणि तिथून पुढे मोजत जायचं. दोन तारखांमधलं अंतर नुसत्या वजाबाकीने मिळतं, त्यामुळे कल्पना चांगलीच होती.

फक्त लोटसने १९०० हे लीप वर्ष धरलं. ग्रेगोरियन नियमाप्रमाणे शतकाच्या वर्षाला ४०० ने भाग जावा लागतो, म्हणून २००० लीप वर्ष होतं आणि १९०० नव्हतं. पण "४ ने भाग जातो का" एवढीच सोपी कसोटी १९०१ ते २०९९ पर्यंत कधीच चुकत नाही. चुकते ती नेमकी मोजणीच्या पहिल्याच वर्षात. त्यामुळे दिवस क्रमांक ६० म्हणजे २९ फेब्रुवारी १९००, जो दिवस कधी उगवलाच नाही.

पुढे मायक्रोसॉफ्टचं एक्सेल आलं: १९८५ मध्ये मॅकसाठी, १९८७ मध्ये विंडोजसाठी. लोटसच्या फाईल एक्सेलमध्ये नीट उघडायला हव्यात म्हणून ही चूकही मुद्दाम उचलली गेली. ती आजही आहे. मॅकवाल्या एक्सेलने मात्र १९०४ पासून मोजणी धरली, कारण तिथे संगणकाचं घड्याळच त्या वर्षापासून मोजायचं. दोन पद्धतींमध्ये १,४६२ दिवसांचा फरक पडतो, म्हणजे चार वर्षं आणि एक दिवस.

आता हिशोब करा. १९०० च्या पद्धतीत ४०१७९ म्हणजे १ जानेवारी २०१०. तोच आकडा १९०४ च्या पद्धतीत वाचला तर २ जानेवारी २०१४. कुठली पद्धत वापरली आहे ही नोंद वर्कबुकमध्ये असते, पण सीएसव्हीमध्ये नुसता आकडा उतरला की ती नोंद मागे राहते. पावसाच्या किंवा रुग्णांच्या जुन्या नोंदी चार वर्षं सरकल्या तर आलेख तसाच छान दिसतो. चूक डोळ्यांना दिसत नाही.

बंद डबा आणि तो उघडणारे

ऐंशी-नव्वदच्या दशकात एक्सेलची एक्सएलएस फाईल म्हणजे बंद डबा होता. आत बायनरी नोंदींची साखळी असायची. तुम्ही कितीही चांगले युनिक्सवाले असलात तरी कट आणि ऑकला त्यातलं काही वाचता येत नसे. पण ऑफिसातून, लॅबमधून, सरकारी खात्यांतून येणारा डेटा याच डब्यातून येत होता.

मग लोकांनी डबा उघडायची साधनं लिहिली. कॅटडॉक या छोट्या पॅकेजमध्ये एक्सएलएस-टू-सीएसव्ही नावाची कमांड आली. तिचं काम नावातच आहे. १९९८ मध्ये मिगेल दे इकाझा यांनी न्युमेरिक हे मुक्त स्प्रेडशीट सुरू केलं. त्याच्यासोबत एसएसकन्व्हर्ट ही कमांड मिळते: आधी मूळ फाईलचं नाव द्या, मग नव्या फाईलचं, एक्स्टेन्शन बघून ती फॉरमॅट ओळखते. पर्लमध्ये आणि पायथनमध्ये एक्सेल वाचणारी पॅकेजेस आली. मायक्रोसॉफ्टने या बायनरी फॉरमॅटची कागदपत्रं सर्वांसाठी खुली केली २००८ मध्ये. त्याआधीची बरीच साधनं फाईलमधले बाइट न्याहाळून, रचना ताडून लिहिलेली होती. म्हणून जुनी एक्सएलएस फाईल दोन साधनांनी काढून बघितली आणि दोन उत्तरं आली, तर दचकू नका. पण दुर्लक्षही करू नका.

२००७ च्या ऑफिसपासून एक्सएलएसएक्स आलं आणि चित्र बदललं. ही फाईल म्हणजे प्रत्यक्षात एक झिप आहे, आत एक्सएमएल फाईली. एकदा हे स्वतः करून बघाच: फाईलची प्रत काढा, तिच्यावर अनझिप चालवा आणि आतले फोल्डर उघडा. मजकुराच्या शब्दांची एक सामायिक यादी दिसेल, प्रत्येक शीटची वेगळी फाईल दिसेल आणि स्टाईलची एक फाईल दिसेल. शीटच्या फाईलमध्ये तारखेच्या जागी नुसता ४०१७९ असतो. ती तारीख आहे हे फक्त स्टाईलच्या फाईलवरून कळतं. म्हणजे जे साधन स्टाईल वाचत नाही, ते तुम्हाला आकडा देणार. गूढ काही नाही.

तिथेच सूत्रांचंही दिसेल. सूत्र असलेल्या सेलमध्ये सूत्र आणि शेवटचं काढलेलं उत्तर अशा दोन्ही गोष्टी साठवलेल्या असतात. फाईल वाचणारी बरीच साधनं ते साठवलेलं उत्तर उचलतात, पुन्हा गणित करत नाहीत. फाईल एखाद्या प्रोग्रॅमने तयार केली असेल आणि एक्सेलमध्ये कधी उघडलीच नसेल, तर उत्तराची जागा रिकामी असू शकते. आख्खा कॉलम रिकामा आला तर आधी इथे बघा.

स्वल्पविरामाचा घोळ

सीएसव्हीला कित्येक वर्षं लेखी नियमच नव्हते. आरएफसी ४१८० या नावाचं टिपण ऑक्टोबर २००५ मध्ये प्रसिद्ध झालं, म्हणजे फोरट्रानच्या त्या सोयीनंतर ३३ वर्षांनी. तेही सक्तीचं मानक नाही, प्रचलित रीत काय आहे ते सांगणारं आहे. नियम साधे आहेत: मजकुरातच स्वल्पविराम असेल तर तो भाग दुहेरी अवतरणात टाका, अवतरणचिन्हच असेल तर ते दोनदा लिहा.

पण तोवर जग आपापल्या वाटेने गेलं होतं. युरोपात बऱ्याच देशांत दशांश चिन्ह म्हणून स्वल्पविराम वापरतात, म्हणून तिथल्या एक्सेलमधून निघणाऱ्या "सीएसव्ही"मध्ये अर्धविराम असतो. आपल्याकडे लाखाचा स्वल्पविराम आहे. १,२५,००० हा आकडा दिसतो तसाच मजकुरात उतरला आणि तुम्ही ऑकला "स्वल्पविरामावर तोड" म्हणालात, तर एका आकड्याचे तीन कॉलम होतात. भोवती अवतरण असलं तरी जुन्या ऑकला ते कळत नाही. ऑकमध्ये सीएसव्ही नीट समजून घेण्याचा अधिकृत पर्याय २०२३ मध्ये आला, भाषेच्या जन्मानंतर ४६ वर्षांनी. म्हणून शक्य असेल तिथे टॅबने वेगळी केलेली फाईल काढा. सेलच्या आत टॅब सहसा कुणी टाकत नाही.

उघडताना होणारा अंदाज

आता त्या हरवलेल्या शून्याकडे वळू. स्प्रेडशीट हिशोबासाठी जन्मली, त्यामुळे समोर दिसणारी गोष्ट संख्या किंवा तारीख असावी असा तिचा कल असतो. ०९ दिसलं की ती ९ करते. १६ अंकी ओळख क्रमांक संख्या म्हणून घेतला तर शेवटचा अंक शून्य होतो, कारण एक्सेल १५ च सार्थ अंक जपतं.

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राचा राज्य-कोड २७ आहे आणि उत्तर प्रदेशाचा ०९. महाराष्ट्राच्या फाईलवर तपासलेली तुमची स्क्रिप्ट बिनचूक चालते. तीच उत्तर प्रदेशावर चालवली की एका तक्त्यात ०९ आणि दुसऱ्यात ९ असं होऊन जोडणीच होत नाही. एररही येत नाही, नुसत्या ओळी कमी होतात. आणि हे फक्त एक्सेलचं नाही. पायथनमधलं पांडाज साधी सीएसव्ही वाचतानाही, हा कॉलम मजकूर आहे असं सांगितलं नाही तर, तोच अंदाज बांधतं.

जनुकशास्त्रात या अंदाजाने मोठा घोळ घातला. सेप्ट२, मार्च१ अशी जनुकांची नावं एक्सेलला तारखा वाटतात. २००४ मध्येच एका शोधनिबंधाने हा धोका दाखवून दिला होता. २०१६ मध्ये मार्क झीमन आणि सहकाऱ्यांनी १८ नियतकालिकांमधल्या २००५ ते २०१५ च्या पुरवणी फाईली स्क्रिप्टने तपासल्या. जनुकांच्या एक्सेल याद्या जोडलेल्या ३,५९७ निबंधांपैकी ७०४ मध्ये नावं बिघडलेली सापडली. साधारण पाचातला एक! शेवटी २०२० मध्ये जनुकांना नावं देणाऱ्या समितीने नियम बदलले आणि सेप्ट२ चं सेप्टिन२ झालं. सॉफ्टवेअरची सवय बदलेना म्हणून विज्ञानाने आपली नावं बदलली. हे आपोआप होणारं रूपांतर बंद करण्याची सोय एक्सेलमध्ये आली ती २०२३ मध्ये.

यातली एक गोष्ट लक्षात ठेवा. सीएसव्ही फाईल स्वच्छ असली तरी ती "जरा बघू" म्हणून डबल-क्लिकने एक्सेलमध्ये उघडली आणि जाता जाता सेव्ह केली, की बिघाड तिथे होतो. बघायचंच असेल तर टर्मिनलमध्ये हेड किंवा लेस वापरा.

मराठीचा मामला

अगम्य चिन्हांमागे दोन वेगळ्या काळातल्या गोष्टी असू शकतात, आणि त्यांचे उपायही वेगळे आहेत.

पहिली शक्यता युनिकोडनंतरची. मजकूर यूटीएफ-८ मध्ये आहे, जी केन थॉम्प्सन आणि रॉब पाईक यांनी १९९२ मध्ये रचली. तिच्यात देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं असतं. वाचणाऱ्याने ते बाइट सुटे सुटे वाचले की एका अक्षराची तीन चिन्हं होतात. इथे डेटा शाबूत आहे, फक्त वाचताना एन्कोडिंग नीट सांगा. उलट बाजूने, एक्सेलची "सीएसव्ही यूटीएफ-८" फाईल सुरुवातीला तीन न दिसणारे बाइट ठेवते. पहिल्या कॉलमचं नाव अगदी बरोबर दिसतंय, तरी स्क्रिप्ट म्हणतेय की असा कॉलमच नाही, असं झालं तर ते बाइट आठवा.

दुसरी शक्यता युनिकोडच्या आधीच्या सवयीची. श्रीलिपीसारख्या पॅकेजमधल्या जुन्या फॉन्टमध्ये टाईप केलेला मजकूर आतून रोमन अक्षरांच्या कोडमध्ये असतो. फॉन्ट लावला तरच ते मराठी दिसतं. साध्या मजकुरात फॉन्ट नसतोच, त्यामुळे मराठीही उरत नाही. इथे एन्कोडिंग बदलून काही होणार नाही. त्या विशिष्ट फॉन्टचा कन्व्हर्टर लागतो. जुन्या सहकारी संस्था, ग्रामपंचायती किंवा संग्रहांच्या फाईली हाताळणार असाल तर कॉलमचा फॉन्ट कुठला आहे हे रूपांतराच्या आधी टिपून ठेवा.

२०२०: १५,८४१ माणसं

हे सगळं किती महागात पडू शकतं याचं उदाहरण इंग्लंडमध्ये घडलं. कोविडच्या चाचण्यांचे निकाल प्रयोगशाळांकडून सीएसव्ही फाईलींमध्ये यायचे. पब्लिक हेल्थ इंग्लंड ते आपोआप एक्सेलच्या साच्यांमध्ये भरायची, आणि साचे होते जुन्या एक्सएलएस फॉरमॅटचे. एक्सेल ९७ पासून त्या फॉरमॅटची मर्यादा आहे ६५,५३६ ओळी. एका रुग्णामागे अनेक ओळी लागत असल्यामुळे एका साच्यात साधारण १,४०० रुग्णच मावत होते. बाकीचे नुसते गळून गेले. २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर २०२० या काळातले १५,८४१ बाधित रुग्ण रोजच्या आकड्यांतून सुटले. त्यांच्या संपर्कात आलेल्यांचा शोध उशिरा सुरू झाला. साथीत एकेक दिवस मोलाचा असताना हे घडलं.

त्यांच्या हातात मूळ मजकूर-फाईल होती. मधल्या टप्प्यावर कुणी ओळी मोजल्या नाहीत.

मग आपण काय करायचं?

मूळ फाईलला हात लावू नका. ती फक्त-वाचनीय करा आणि तिचा चेकसम नोंदवून ठेवा. रूपांतराची कमांड स्क्रिप्टमध्ये लिहा, साधनाच्या आवृत्तीसकट. आवृत्ती महत्त्वाची आहे: पायथनच्या एक्सएलआरडी पॅकेजने डिसेंबर २०२० मध्ये २.० आवृत्तीत एक्सएलएसएक्स वाचणं बंद केलं आणि कितीतरी चालत्या स्क्रिप्ट एका अपडेटने थांबल्या.

मग आधी शीट मोजा. लिबरऑफिस खिडकी न उघडता, हेडलेस पद्धतीने, एका ओळीत रूपांतर करून देतं, पण वेगळं सांगितलं नाही तर पहिलीच शीट. एसएसकन्व्हर्टला मोठ्या लिपीतला एस हा पर्याय दिला की प्रत्येक शीटची वेगळी फाईल मिळते. मग ओळी मोजा. सेलच्या आत कुणी नवीन ओळ टाकली असेल तर डब्ल्यूसी जास्त ओळी दाखवेल, तेव्हा फरक आला तर कारण शोधा. ओळींची संख्या बरोबर ६५,५३६ आली तर तिथेच थांबा आणि मूळ डेटा देणाऱ्याला विचारा. शेवटी तारखेचा एक सेल, कोडचा एक सेल, दशांशाचा एक सेल आणि मराठी नावाचा एक सेल, एवढे चार मुळाशी ताडून बघा. दहा मिनिटांचं काम आहे.

कमांड लाईनमुळे रूपांतर आपोआप बिनचूक होत नाही. जुने निर्णय तिथेही तेवढेच आड येतात. फरक एवढाच की माऊसने केलेल्या कामाची खूण मागे राहत नाही आणि स्क्रिप्टची राहते. दोन वर्षांनी परीक्षकांनी किंवा समीक्षकांनी विचारलं, "हा आकडा कुठून आला?", तर तुम्ही तीच स्क्रिप्ट पुन्हा चालवून दाखवू शकता. आणि उत्तर वेगळं आलं, तर नेमक्या कुठल्या ओळीत बिघडलं तेही दाखवता येतं.